नाशिकमध्ये हळदीकुंकू फुलपाखरू बघायचंय? मग आधी बांडगूळ शोधा

फुलपाखरं बघायला सुरुवात करायचीय पण एवढ्या शेकडो जातींतून कुठून धरू, असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून एकच नाव सांगतो, हळदीकुंकू. इंग्रजीत कॉमन जेझबेल, शास्त्रीय नाव डेलियास युकॅरिस. बाकीचे लगेच ब्लू मॉरमॉन म्हणजे आपलं नीलवंत सुचवतात, २०१५ साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं त्यामुळे त्याची हवा जास्त. फुलपाखरू भारीच आहे, वाद नाही, पण नवशिक्याच्या काय कामाचं, दिसतं काय आणि कंपाउंडवरून पलीकडे जातं काय, तुम्ही मोबाईल खिशातून काढेपर्यंत ते पुढच्या गल्लीत. हळदीकुंकू निवांत उडतं, शहरात राहतं, वर्षभर कधी ना कधी दिसतं, आणि एकदा त्याचं ठिकाण सापडलं की अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळा संसार एकाच झाडावर बघायला मिळतो. फक्त ते ठिकाण फुलांच्या वाफ्यात नसतं. लोक बागेत फुलांभोवती घिरट्या घालत बसतात आणि हे बेणं पंचवीस-तीस फुटांवर आंब्याच्या शेंड्याला फिरत असतं.

ओळख आधी करून घेऊ, मग शोधायला निघू.

पंख पसरले तर साधारण साडेसहा ते साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे आपल्याकडच्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळात हे चांगलंच मोठं. त्याचा सगळा थाट पंखांच्या खालच्या बाजूला असतो. फुलपाखरू बसलं की पंख मिटतं आणि आपल्याला दिसते ती खालची बाजू, मागचा पंख भडक पिवळा, त्यावर काळ्या शिरांची जाळी आणि कडेकडेने शेंदरी-लाल ठिपक्यांची रांग, ठिपके गोल नाहीत हं, प्रत्येक ठिपका आतल्या बाजूला जरा टोकदार. पुढचा पंख पांढरा, त्यावरही काळ्या शिरा, फक्त टोकाकडे थोडी पिवळी झाक. वरची बाजू त्या मानाने साधी, पांढऱ्यावर काळ्या रेघा आणि मागच्या पंखाच्या कडेला खालचे लाल ठिपके फिकट गुलाबी होऊन आरपार दिसतात. त्यामुळे लांबून उडताना आलं तर "पांढरं आहे कुठलंतरी" म्हणून आपण सोडून देतो, आणि तेच वळून डोक्यावरून गेलं की पिवळा-लाल रंग उन्हात असा काही पेटतो की बघत राहावं. म्हणून पहिली सवय ही लावा, उडत्या फुलपाखराला खालून बघा.

नर-मादी ओळखायला फार डोकं लागत नाही. नराच्या वरच्या बाजूचा पांढरा रंग स्वच्छ आणि काळ्या शिरा बारीक. मादीच्या शिरा जाड, शिरांच्या आजूबाजूला काळपट खवल्यांची भुरभुर, एकूणच ती जरा मळकट वाटते. दोघं एका झाडाभोवती फिरताना दिसले की फरक लगेच कळतो, एकटंदुकटं दिसलं तर सुरुवातीला अंदाजपंचे चालतं.

घोळ होतो तो पायोनियर आणि कॉमन गल या दोघांशी. दोघंही याच कुळातले, पांढऱ्या पंखावर काळ्या शिरा, आणि खालून कधी कधी पिवळसरसुद्धा. पण दोघंही लहान असतात, उडायला घाईचे असतात, जमिनीलगतच्या झुडपांवर जास्त दिसतात आणि मुख्य म्हणजे कडेला लाल ठिपके नसतात. पायोनियर कोरड्या माळरानाचा गडी, त्यामुळे सिन्नर-येवल्याच्या बाजूला गेलात आणि ढिगाने पांढरी फुलपाखरं दिसली तर लगेच हळदीकुंकू म्हणून उड्या मारू नका, आधी लाल रंग आहे का ते बघा. लाल नाही म्हणजे ते नाही, एवढा सोपा नियम आहे. दक्षिणेकडच्या सह्याद्रीत आणि श्रीलंकेत पेंटेड सॉटूथ नावाचं एक फुलपाखरू आहे ते मात्र याची हुबेहूब नक्कल करतं, लाल ठिपक्यांसकट, फक्त त्याचे ठिपके चौकोनी असतात आणि ते सुसाट उडतं. नाशिकमध्ये त्याची चिंता करायची गरज नाही, पण केरळ-कर्नाटकच्या ट्रिपला गेलात तर लक्षात ठेवा.

आता कोणी कोणाची नक्कल उगाच करत नाही. हळदीकुंकवाच्या अंगात पक्ष्यांना न मानवणारी द्रव्यं असतात, अळी जी पानं खाते त्यातून ती येतात असं मानतात, आणि पंखांचा भडकपणा म्हणजे सरळ धमकीच, खाल तर पस्तावाल. एखाद्या पक्ष्याने एकदा तोंड वाकडं केलं की तो पुन्हा त्या रंगाच्या नादाला लागत नाही. म्हणूनच हे एवढं आरामात, पंख हळू हळू हलवत, उघड्यावर हिंडतं, त्याला लपायची गरजच नाही. आपल्या दृष्टीने हा फायदा, कारण दुसरी फुलपाखरं आपली सावली पडली तरी उडतात, हे एकदा फुलावर बसलं की बराच वेळ बसतं.

बरं, पत्ता. बांडगूळ.

डेलियास या गटात जगभर अडीचशेच्या आसपास जाती आहेत, सगळ्यात जास्त न्यू गिनी बेटावर, आणि या गटाचं बांडगुळाशी जुनं नातं आहे. आपल्या हळदीकुंकवाची मादी अंडी घालते ती बांडगुळाच्याच पानांवर, दुसरीकडे अळ्यांचं पोट भरत नाही. म्हणजे तुमच्या सोसायटीत फुलांचा कितीही मोठा गार्डन असू दे, आसपास बांडगूळ नसेल तर हे फुलपाखरू येईल, दोन घोट मध पिईल आणि निघून जाईल. आणि बांडगूळ असेल तर फूल नसलं तरी ते रोज येईल. मग शोधायचं काय हे उघड आहे.

बांडगूळ कसं ओळखायचं? आंब्याच्या झाडाखाली उभं राहून वर बघा, एखादा झुपका बाकी झाडापेक्षा वेगळ्या रंगाचा दिसेल, जरा राखाडी-हिरवा, पानं जाड, चामड्यासारखी चिवट, आणि जिथे तो फांदीला चिकटलाय तिथे फांदी फुगून गाठ आलेली. झुपक्याच्या काड्या बऱ्याचदा खाली लोंबतात. थंडी सरता सरता त्याला नळीच्या आकाराची केशरी-लाल फुलं येतात, तेव्हा तर रस्त्यावरून बाईकवर जातानाही दिसतं. सगळ्यात सोपं म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेल्या झाडांकडे बघत फिरायचं, आख्खं झाड उघडं आणि मध्येच एक-दोन हिरवे गोळे, झालं, ते बांडगूळ. तेव्हा फुलपाखरू दिसो न दिसो, झाड लक्षात ठेवा, मोबाईलच्या मॅपवर पिन टाकून ठेवा, पावसाळ्यानंतर तिथे परत यायचंय.

अजून एक युक्ती आहे, कानाने शोधायची. फुलटोच्या नावाचा एक पक्षी असतो, चिमणीपेक्षाही बराच लहान, मळकट रंगाचा, दिसायला अगदीच साधा, पण सतत "चिक् चिक्" असा टोकदार आवाज करतो आणि त्याचं सगळं आयुष्य बांडगुळाभोवती जातं. बांडगुळाची फळं तो खातो, आतलं बी प्रचंड चिकट असतं, ते त्याच्या बुडाला चिकटतं मग तो फांदीवर घासून काढतो, आणि बी तिथेच रुजून नवीन बांडगूळ उगवतं. म्हणजे झाडांवर बांडगूळ पेरणारा माळी हाच. बांडगुळाच्या फुलांवर शिंजीर पण येतात. तर एखाद्या झाडावर फुलटोच्याचा आवाज सारखा येतोय असं वाटलं की थांबा, मान वर करा आणि झुपका शोधा, बहुतेक वेळा सापडतोच.

नाशिकमध्ये कुठे बघायचं म्हणाल तर जिथे जुने आंबे टिकलेत तिथे. गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्यांतले जे थोडे जुने बंगले उरलेत त्यांची अंगणं, देवळाली कॅम्पातले बंगले आणि तिथले सावलीचे रस्ते, तपोवनातली जुनी झाडं, सोमेश्वरच्या बाजूचा नदीकाठ, मखमलाबादपासून गिरणाऱ्याकडे जाताना रस्त्याकडेचे आणि बांधावरचे आंबे. पांडवलेणीच्या पायथ्याला नेहरू वनोद्यान आहे तिथे फुलपाखरं एकूणच चांगली दिसतात, तिथून सुरुवात केली तरी हरकत नाही. बोरगड आणि अंजनेरी ही तर आपल्याकडची भारी ठिकाणं, पण ती राखीव क्षेत्रं आहेत, वनखात्याचे नियम पाळा आणि पायवाट सोडून झुडपात घुसू नका. खरं सांगायचं तर हळदीकुंकवासाठी अंजनेरीपर्यंत जायची गरजही नाही. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लब मैदानावर रोज सकाळी चक्कर मारणाऱ्या किती लोकांनी वर बघितलंय? सगळे आपले हेडफोन लावून खाली बघत चालतात.

आंब्याच्या मोठ्या बागा दिसायला छान असतात पण तिथे एक घोळ आहे. मोहोराच्या वेळी तुडतुड्यांसाठी फवारण्या होतात आणि त्यात अळ्यांचाही निकाल लागतो. त्यामुळे बागेपेक्षा घरामागचा, कोणी फार लक्ष न देणारा, वर्षाआड फळणारा आंबा आपल्या कामाचा. चिकू आणि शिरीषावरही बांडगूळ चांगलं वाढतं.

वेळ. हे फुलपाखरू वर्षभर दिसू शकतं पण जोर असतो तो पावसाळा ओसरताना आणि त्यानंतर, गणपतीपासून ते साधारण संक्रांतीपर्यंत. भर पावसात शोधायला जाऊ नका, कपडे ओले होतील फक्त, पण श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालू असतो तेव्हा सर थांबून ऊन पडलं की लगेच बाहेर पडा, सगळीच फुलपाखरं तेव्हा अंग शेकायला आणि खायला निघतात. थंडीत पक्षी बघणाऱ्यांचं बघून सकाळी साडेसहाला थर्मास घेऊन जाणारे पण बघितलेत मी. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची सकाळ म्हणजे पारा दहाच्या खाली, फुलपाखराचं शरीर उन्हाशिवाय गरम होत नाही, ते काय उडणार? आधी पोटभर मिसळ खा, वर चहा मारा, साडेनऊ-दहाला निघा, बरोबर वेळेवर पोचाल. दहा ते साडेबारा सगळ्यात चांगलं. दुपारनंतर ती परत शेंड्याकडे जातात आणि संध्याकाळी उंच पानांच्या टोकाला लटकून झोपतात, तेव्हा दुर्बीण असेल तरच मजा. दुर्बीण लागतेच असं नाही, पण घेणार असाल तर ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, घ्या आणि घेण्याआधी ती किती जवळचं फोकस करते ते विचारा, दोन मीटरपर्यंत करत असेल तर फुलावरच्या फुलपाखरालाही चालते.

खाली उतरतं ते फुलांसाठी. घाणेरीवर, म्हणजे टणटणीवर, हमखास. एक्झोरा, पेंटास, झेंडू, कॉसमॉस, जे मिळेल त्यावर बसतं. फुलावर आलं की मागून झडप घालायला जाऊ नका, थोडं बाजूने, खाली वाकून, आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बेताने पुढे सरका, आणि प्रत्येक पावलानंतर थांबा. ते एका गुच्छावरून दुसऱ्यावर जातं पण झुडूप सोडत नाही. मिटलेल्या पंखाला समांतर मोबाईल धरला तर आख्खा पंख शार्प येतो, तिरका धरला की ठिपके धूसर झालेच म्हणून समजा. ऊन मागून येत असेल तर अजून मस्त, पिवळा रंग पेटतो आणि शिरा काचेवर ओढल्यागत उठून दिसतात. एक विनंती, फोटोसाठी फुलपाखरू पकडून फ्रीजमध्ये ठेवून गार करणारे महाभाग असतात, असला फोटो कोणी कौतुकाने दाखवला तर लाईक करू नका.

आता खरी मेजवानी, अंडी-अळी-कोष.

बांडगुळाचा झुपका डोळ्यांच्या उंचीवर किंवा गच्चीच्या कठड्याजवळ सापडला तर तुम्ही नशीबवान. मादी आली की कळतं, ती फुलं शोधत नसते, झुपक्याभोवती घुटमळते, पानावर टेकते, उठते, परत टेकते, पाच-सहा पानं अशी चाचपून झाली की एका पानावर स्थिरावते आणि पोटाचं टोक वाकवून पानाच्या खालच्या बाजूला नेते. मग एकेक अंडं, शेजारी शेजारी पण एकमेकांना न चिकटवता, मध्ये थोडी जागा सोडून. पिवळी, उभी, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची अंडी, एका पानाखाली वीस-तीस. ती गेल्यावर पान अलगद वर करून बघा, तोडायचं नाही. बाकीची बरीच फुलपाखरं एका पानावर एकच अंडं घालतात, ही एकदम सगळी वरात एका ठिकाणी घालते, त्यामुळे पुढचं सगळंही घोळक्यानेच चालतं.

अळ्या बाहेर आल्या की एकत्र राहतात, एकत्र खातात, पानाच्या कडेला रांगेत डोकी लावून. पिवळट-तपकिरी, तुकतुकीत अंग, डोकं काळं, आणि अंगावर बारीक उंचवट्यांतून निघालेले लांब पांढरे केस. वाढून चार सेंटीमीटरच्या आसपास होतात. फांदीला जरा धक्का लागला की तोंडातून रेशमाचा धागा सोडून टपाटप खाली लटकतात, अख्खी गँग हवेत लोंबकळते, आणि धोका टळला की परत वर. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच, केसाळ अळी म्हणजे खाज येणार असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हिच्या केसांची तशी ख्याती नाही, पण म्हणून हातात घ्यायची असं काही नाही, बघायचं ते बघून होतं. खरं गोंधळ असा होतो की आंब्याखाली गाडी लावणाऱ्याला टपावर दोन अळ्या दिसतात आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतो, मग पेस्ट कंट्रोलची चर्चा सुरू. तेव्हा तुम्ही शांतपणे लिहायचं की बाबांनो या अळ्या बांडगूळ खातात, आंबा नाही, गुलाब नाही, तुमची तुळस पण नाही.

कोष करायच्या वेळी त्या झुपका सोडून निघतात. आंब्याचं खोड, कंपाउंडची भिंत, खिडकीचं ग्रील, पाण्याची पाईप, कुठेही. बरेचदा दहा-बारा कोष जवळजवळच असतात. कोष पिवळाधमक, त्यावर काळे ठिपके आणि काटेरी उंचवटे, शेपटीकडून चिकटवलेला आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा, सीटबेल्ट लावून बसल्यासारखा. आठवडा-दीड आठवडा तो तसाच राहतो, थंडीत जास्त लागतो. काही कोष काळपट-तपकिरी होतात आणि त्यांना बारीक भोक दिसतं, ते परोपजीवी माशीने किंवा चिमुकल्या गांधीलमाशीने आतून संपवलेले असतात, वाईट वाटून घेऊ नका, हे सगळीकडे चालतं, आणि तसं नसतं तर एव्हाना बांडगूळ औषधालाही उरलं नसतं. चांगल्या कोषाला फुटायच्या आदल्या दिवशी सालीतून पंखांचा काळा-पिवळा नक्षीकाम दिसायला लागतो. तो दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन तिथेच बसा. बाहेर आलेलं फुलपाखरू चोळामोळा झालेलं असतं, कोषालाच किंवा शेजारच्या खरबरीत जागेला धरून लटकतं आणि हळूहळू पंखात रक्त भरून ते ताठ होतात. मध्येच पोटातून रंगीत पाण्याचा थेंब टाकतं, ती जखम नाही, कोषातला साठलेला कचरा आहे. पंख वाळायला तास-दोन तास लागतात, तेवढ्यात पोरांना हात लावू देऊ नका.

एक अडचण दरवर्षी ठरलेली, दिवाळीची रंगरंगोटी. नेमके याच दिवसांत भिंतीवर कोष असतात आणि पेंटर ब्रश घेऊन उभा. कोष हलवायचाच असेल तर ओढू नका, खालची रेशमाची गादी ब्लेडने भिंतीवरून सावकाश खरवडून सोडवा, ती गादी धाग्याने किंवा डिंकाच्या थेंबाने कागदाच्या पट्टीवर चिकटवा आणि पट्टी उभी, सावलीत, मुंग्या पोचणार नाहीत अशी बांधा. आजूबाजूला चढायला खरबरीत जागा पाहिजे, गुळगुळीत प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं तर बाहेर आलेलं फुलपाखरू घसरून पडतं आणि पंख वाकडे वाळतात, मग ते कायमचे तसेच.

अळ्या घरी आणून वाढवाव्यात का? माझं मत विचाराल तर नको. बांडगुळाची तोडलेली फांदी लवकर मान टाकते, वीस-तीस अळ्यांना रोज ताजा पाला आणून घालायचा म्हणजे शिडी घेऊन झाडावर चढणं आलं. झाडावरच बघा की, सगळं फुकट आणि उघड्यावर चाललंय.

झाडाच्या मालकाशी बोलायला मात्र शिका, कारण बांडगूळ दिसलं की कोयता काढायचा ही आपली पद्धत. आणि त्यात त्यांची काही चूक नाही, बांडगूळ स्वतः पानात अन्न बनवत असलं तरी पाणी आणि क्षार झाडाकडूनच ओढतं, जास्त माजलं की फांदी वाळते. आमच्या गल्लीतलं संभाषण साधारण असं चालतं:

"काका, ते वरचं बांडगूळ एवढ्यात नका ना काढू, थंडीत काढू."

"अरे पण झाड वाळवतंय ते, दोन वर्षं धड आंबे नाहीत."

"गेटच्या बाजूचे दोन झुपके ठेवू, बाकीचं माणूस बोलावून काढून टाकू. फक्त खाली पडलेल्या फांद्या मी एकदा बघतो, मग कचऱ्यात द्या."

"बघ बाबा. तुझं ते फुलपाखरू आंबे देणारे का मला?"

एवढ्यावर बहुतेक काका ऐकतात. सगळं ठेवा असं म्हणाल तर कोणी ऐकणार नाही, आणि म्हणूही नये. एका मोठ्या झाडावर एक-दोन झुपके राहिले तर झाडही जगतं आणि फुलपाखरूही. तोडलेल्या फांद्यांवर पानांच्या खालची बाजू तपासा, अळ्या दिसल्या तर ती फांदी सुतळीने राहिलेल्या झुपक्याजवळ बांधा, भुकेल्या अळ्या आपणहून ताज्या पानावर सरकतात. काढायचं असलेलं बांडगूळ फळं पिकायच्या आत काढलं तर फुलटोच्या ते आणखी चार झाडांवर पसरवणार नाही, हा मुद्दा काकांना जास्त पटतो.

बाल्कनीवाल्यांसाठी थोडक्यात. बांडगूळ कुंडीत लावता येत नाही, त्याला जिवंत झाडच लागतं, त्यामुळे तुमच्याकडे ते फक्त जेवायला येणार. पेंटास, एक्झोरा, झेंडू, कॉसमॉस लावा, ऊन येईल तिथे ठेवा, औषध मारू नका. घाणेरी मुद्दाम लावू नका, ती परदेशातून आलेली आणि आधीच डोंगरभर माजलीये. पाचव्या मजल्यावर राहत असाल तर उलट फायदा, फुलपाखरू शेंड्याच्या उंचीवरच फिरतं.

२०२० साली राष्ट्रीय फुलपाखरू निवडायला देशभर ऑनलाइन मतदान झालं होतं, जवळपास ६० हजार लोकांनी मत दिलं, शेवटच्या सात जातींत हळदीकुंकू होतं आणि पहिल्या तिघांतही आलं, कृष्णा पीकॉक आणि ऑरेंज ओकलीफसोबत. बाकीची दोन बघायला हिमालय किंवा घनदाट जंगल गाठावं लागतं, हे मात्र गल्लीत दिसतं, त्यामुळे माझ्या लेखी निकाल लागलेला आहे.

दिसलं की नोंद करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदी ठेवायच्या ॲपवर फोटो, तारीख आणि ठिकाण टाकलं तरी पुरे, आणि २०२० पासून दर सप्टेंबरात बिग बटरफ्लाय मंथ साजरा होतो त्यात तर जरूर टाका, तेव्हा आपल्याकडे फुलपाखरं भरात असतात. नोंदीत नुसतं "एक फुलपाखरू" असं लिहून मोकळे होऊ नका. नर की मादी, फुलावर होतं की झुपक्याभोवती, अंडी-अळ्या-कोष दिसले का, आणि बांडगूळ कोणत्या झाडावर होतं, आंबा, चिकू की आणखी काही, हे टिपणाच्या जागेत मराठीत लिहिलं तरी चालतं. पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली त्याच महिन्यात परत जा, झुपका कोणी तोडला नसेल तर वर कोणीतरी फिरत असणारच.